स्क्रू हातासाठी असतो

पुढे ओढली की मॉडेल रेल्वेतली ती वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, शहाण्यासारखी जाते. मागे ढकलली की त्याच सांध्यावर, म्हणजे एका रूळवाटेतून दुसरी फुटते तिथे, त्याच जागी तिचं एक चाक उचलतं, चाकाची कड रुळाच्या डोक्यावर चढते, बोटभर अंतर तशीच घासत जाते, आणि मग ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन चाकांची ती जोडी स्लीपरांवर उतरते. चौदा वाघिणींच्या रांगेत ती अकरावी. तिला तिसरी करून पाहिलं, शेवटची करून पाहिलं, तरी उतरते तीच. बाकीच्या तेरा जणी त्याच सांध्यावरून बिनबोभाट जातात, त्यामुळे रुळाकडे बोट दाखवता येत नाही. आणि मनाला लागून राहतं ते वेगळंच. कालपर्यंत ही वाघीण कधी उतरली नव्हती. मधल्या काळात बदल झाला तो एवढाच, की तिच्याखालचे कारखान्यातून आलेले प्लास्टिकच्या चाकांचे ट्रक, म्हणजे चाकांच्या चौकटी, काढून तिथे धातूच्या चाकांचे नवे, सर्व बाजूंनी सरस ट्रक बसवले. भाग सरस बसवला आणि चाल बिघडली.

मराठीत इथे शब्दांचा एक घोटाळा आधीच होऊन बसला आहे. बोगी म्हणजे खरं तर डब्याखालची चाकांची चौकट: दोन आस, चार चाकं, दोन बाजूपट्ट्या आणि त्यांना जोडणारी मधली आडवी तुळई. पण बोलता बोलता आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणू लागलो आणि खालच्या चौकटीला नावच उरलं नाही. अमेरिकन रेल्वेत तिला ट्रक म्हणतात, तिथल्या मालगाड्यांची मॉडेलं करणारेही तोच शब्द वापरतात, म्हणून इथेही ट्रकच. आडव्या तुळईला बोल्स्टर. वाघीण हा शब्द मात्र सोडवत नाही. ‘वॅगन’ ऐकून ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘वाघीण’ बाहेर पडलं, त्याने त्या ओबडधोबड लोखंडी पेटीत जीव घातला.

ट्रक बदलायचे कशासाठी, याचं पहिलं उत्तर कानाला मिळतं. प्लास्टिकच्या चाकांची गाडी शेजारून गेली की कोरडी सरसर ऐकू येते, कागदावर कागद घासल्यासारखी. धातूच्या चाकांची गाडी बोलते. रुळांच्या जोडावर दोन टोले, किंचित उसंत, पुन्हा दोन टोले. चौदा वाघिणींच्या छप्पन्न आसांचा हा ठेका वळणावर जरा दबतो आणि सरळ रुळावर आला की पुन्हा मोकळा होतो. दुसरं उत्तर बोटाला मिळतं. प्लास्टिकच्या चाकाच्या धावेवर काळा राप लवकर धरतो. नखाने खरवडला तर गोल कडं निघावं तसा सुटतो, आणि तोच राप गाडी सगळ्या रुळांवर पसरवत हिंडते. तिसरं उत्तर इंजिन देतं. चढावर नवव्या वाघिणीला जे हाशहुश करतं, तेच इंजिन चांगल्या चाकांच्या चौदा वाघिणी नेतं.

तरीही सगळे ट्रक सरसकट बदलावेत असं म्हणवत नाही. पुष्कळदा जुन्या ट्रकची बाजूपट्टीच जास्त रेखीव असते. स्प्रिंगचे वेढे, बोल्टांची डोकी, ओतकामावरची अक्षरं सगळं नीट उठलेलं असतं आणि वाईट असतात ती फक्त चाकं. अशा वेळी चाकांच्या जोड्या बदलाव्यात आणि चौकट ठेवावी. निम्मं काम तिथेच संपतं. पूर्ण ट्रक बदलायची वेळ येते ती चौकट वाकडी असेल, काळाशी विसंगत असेल, किंवा डबे एकमेकांना जोडणारा कपलर तिच्यातच अडकवलेला असेल तेव्हा. ट्रकलाच कपलर जोडण्याच्या या पद्धतीला टॅल्गो म्हणतात, स्पेनच्या त्या प्रसिद्ध जोडगाडीवरून. अशी वाघीण ओढताना तंग वळणावरही छान फिरते. ढकलताना मात्र मागचा सगळा रेटा थेट चौकटीवर येतो आणि तिला तिरकी करतो. म्हणून लांब गाडी मागे ढकलायची असेल तर कपलर वाघिणीच्या अंगाला हवा आणि ट्रक मोकळा हवा.

निवड करताना आधी खरी वाघीण समजून घ्यावी लागते. १९४० च्या दशकातला चाळीस फुटी बंद डबा साधारण ५० टनी, म्हणजे तेवढा माल पेलणारा. त्याला ३३ इंची चाकं, आणि दोन आसांमधलं अंतर साडेपाच फूट. धान्याचा मोठा झाकणबंद हॉपर, म्हणजे तळातून माल सोडणारा डबा, पुलमन-स्टँडर्डचा ४,७५० घनफुटी म्हणून जो ओळखला जातो तसला, १०० टनी. त्याला ३६ इंची चाकं आणि ५ फूट १० इंचांचं अंतर. एचओ मापात, म्हणजे १ ला ८७.१ या प्रमाणात, ३३ इंची चाक ९.६ मिमी भरतं आणि ३६ इंची साडेदहा. आसांमधलं अंतर १९.२ वरून २०.४ मिमीवर जातं. मिलिमीटरभराचा हा फरक डोळ्याला चटकन सांगता येत नाही, पण वाघिणीखाली चुकीचा ट्रक असला की काहीतरी खटकत राहतं. अंगाला न बसणाऱ्या चपला घालून कुणी चालावं तसं.

काळाचा फरक त्याहून ठळक. जुन्या ट्रकच्या बाजूपट्टीच्या दोन्ही टोकांना झाकण असलेली चौकोनी पेटी दिसते. तिच्यात आसाच्या टोकावर पितळी बेअरिंग टेकलेलं असे, आणि खाली तेलात भिजवलेला सुताचा बोळा कोंबलेला असे. तेल कमी पडलं, बोळा सरकला की पेटी तापायची, धुरायची, प्रसंगी पेट घ्यायची. गाडी वळणावर आली की शेवटच्या डब्यातला माणूस बाहेर वाकून त्याच धुरासाठी सगळ्या गाडीवर नजर फिरवायचा. रोलर बेअरिंग आल्यावर पेटी गेली, झाकण गेलं, आणि आसाच्या टोकाशी तीन बोल्टांची गोल टोपी आली, जी चाकाबरोबर फिरते. १९३० साली बेअरिंग बनवणाऱ्या टिमकेन कंपनीने आल्को या इंजिन-कारखान्याकडून ४-८-४ चाकरचनेचं एक वाफेचं इंजिनच बांधून घेतलं, क्रमांक ११११. त्याच्या सगळ्या आसांना रोलर बेअरिंग होती, आणि ते धूड नुसत्या माणसांच्या हातांनी हलवून दाखवत ते रेल्वे कंपन्यांना पटवत फिरलं. मालगाड्यांना मात्र ही बेअरिंग सर्रास यायला पुढची तीस-पस्तीस वर्षं लागली. तेव्हा वाफेच्या इंजिनामागे, १९४५ च्या देखाव्यात, गोल टोप्यांचे ट्रक असलेली मालगाडी दिसली की जाणता माणूस थबकतो.

चाकांचा रंगही यातूनच ठरतो. जुन्या पेटीतून तेल झिरपायचं आणि चाकाच्या तोंडावर धूळ धरून काळा, जाडसर थर करायचा. रोलर बेअरिंग बंदिस्त, तेल बाहेर येत नाही, म्हणून त्या चाकांची तोंडं गंजाच्या तांबूस रंगाची राहतात. मॉडेलला चाकं बसवण्याआधी हे रंगवून घ्यावं: जुन्याला तेलकट काळपट तपकिरी, नव्याला निस्तेज गंजकट. रुळावर चालणारी धाव आणि कडेची आतली बाजू कोरी ठेवायची, आसाची टोकं तर नक्कीच कोरी. टोकाला रंगाचा एक ठिपका लागला तरी चाक अडखळतं. डेलरीन या निसरड्या प्लास्टिकच्या चौकटीवर रंग मनापासून चिकटत नाही हेही लक्षात असू द्यावं. साबणाने धुऊन, प्रायमर देऊन, पातळ थर द्यायचे आणि पुन्हा बोटं लावायची नाहीत.

आता मूळ वाघिणीकडे. ती होती १०० टनी हॉपर, आणि कारखान्याने तिला ३३ इंची चाकं दिली होती. नवे ट्रक ३६ इंची चाकांचे आले, म्हणजे चूक सुधारली. पण चाकाचा व्यास पाऊण-एक मिलिमीटरने वाढला की त्याच्या निम्म्याने, सुमारे ०.४४ मिमीने, सगळी वाघीण वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर कपलरही. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून एका इंचाच्या २५/६४ वर, म्हणजे ९.९ मिमीवर हवा. कीथ आणि डेल या एडवर्ड्स जुळ्या भावांनी आपल्या नावांच्या आद्याक्षरांवरून ज्या केडी कंपनीचं नाव ठेवलं, तिचं २०५ क्रमांकाचं उंचीमाप यासाठी रुळावर ठेवतात आणि वाघीण त्याला भिडवतात. मापाचा कपलर आणि वाघिणीचा कपलर एका रेषेत दिसले पाहिजेत, आणि कपलरखालची वाकडी तार मापाच्या पट्टीला न घासता वरून गेली पाहिजे. तार रुळाच्या माथ्यापासून साधारण ०.८ मिमी वर असते. त्याहून खाली आली की सांध्याच्या फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागावर, अडकते.

कपलर खाली असेल तर उपाय सोपा. बोल्स्टर आणि वाघिणीचं बूड यांच्यामध्ये पातळ फायबर वॉशर घालायचा. करडा ०.२५ मिमीचा, लाल ०.३८ चा. दोन्ही टोकांना सारखेच घालायचे असं मात्र नाही; प्रत्येक टोक वेगळं मोजायचं. कपलर वर असेल तर वॉशर उपयोगाचा नाही, उलट तो आणखी उचलेल. तिथे वाघिणीच्या बुडाचा उंचवटा कानशीने उतरवावा लागतो, आणि ते काम धीराचं. कानस तिरकी चालली की उंचवटा एका बाजूला उतरतो आणि वाघीण कायमची कलते. सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपर चिकटवून, ट्रकच्या बोल्स्टरची वरची बाजू त्यावर आठाच्या आकड्यात फिरवणं जास्त सुरक्षित. दहा फेऱ्या, मोज, पुन्हा दहा फेऱ्या. वर्नियर जवळच ठेवायचा.

मोठ्या चाकांचा दुसरा हिशेब बुडाखाली असतो. वाघीण उलटी धरून ट्रक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचा. कड वाघिणीच्या लांबीभर जाणाऱ्या मधल्या तुळईला, ब्रेकच्या दांड्याला किंवा कपलरच्या पेटीला टेकते का हे डोळ्यापेक्षा कानाला आधी कळतं. अगदी हलकं ‘खर्र’ होतं. वापरातल्या वाघिणीच्या बुडावर एखादी चकचकीत कमान उमटलेली दिसली तर ती कडेनेच घासून काढलेली आहे, हे समजावं. तिथलं प्लास्टिक धारदार पात्याने मिलिमीटरभर तासून काढलं की काम होतं. ट्रकवरच ब्रेकचे गुटके ओतलेले असतील तर मोठं चाक त्यांनाही घासू शकतं. हे घासणं फार फसवं, कारण वाघीण हातात असताना चाक मोकळं फिरतं आणि वजन पडल्यावरच टेकतं.

आसाचं टोक सुईसारखं निमुळतं असतं आणि बाजूपट्टीच्या आतल्या अंगाला त्याच्यासाठी शंकूच्या आकाराचा खळगा असतो. सगळी मोकळी चाल या दोन शंकूंच्या भेटीवर चालते. टोकाचा कोन खळग्यापेक्षा थोडा चिंचोळा असला पाहिजे, म्हणजे टोक तळाशी एका ठिपक्यावर टेकतं आणि कडा सुट्या राहतात. एचओत आसाची लांबी साधारण पावणेसव्वीस मिमी, पण वेगवेगळ्या बनावटींत तिच्यात काही दशांश मिलिमीटरांचा फरक पडतो, आणि तेवढा पुरे होतो. आस लांब झाला तर बाजूपट्ट्या बाहेर ढकलल्या जातात. ट्रक समोरून डोळ्यांच्या रेषेत धरला की पट्ट्यांना पोट सुटलेलं दिसतं, आणि चाकाला फुंकर मारली तर ते अर्धा फेरा घेऊन थांबतं. आस आखूड झाला तर टोक खळग्यात सैल बसतं, वाघीण कणभर खाली येते आणि चाकं पट्टीच्या आतल्या अंगाला घासू लागतात. बरोबर लांबीचा आस बोटांनी आडवा हलवला तर पाव मिलिमीटरभर सरकतो, आणि फुंकरीने चाक इतका वेळ फिरतं की नजर दुसरीकडे वळते.

खळग्यात ओतकामाचा एखादा कण राहिलेला असतो, कधी कडेला पातळ पापुद्रा. त्यासाठी दोन्ही टोकांना धार असलेलं आसाच्या आकाराचं एक छोटं हत्यार मिळतं. ते आसाच्या जागी घालून दोन बोटांत चार-पाच वेळा फिरवायचं, बस. जास्त फिरवलं तर खळगा खोल होतो आणि बरोबर लांबीचा आस आखूड ठरतो. मग झाडून, फुंकून चाकं घालायची. डेलरीनमध्ये पॉलिश केलेला धातूचा आस वंगणाशिवाय चालतो. तेल तर घालूच नये. ते धूळ ओढतं, प्लास्टिकला झिरपतं आणि महिन्याभरात त्याचा चिकट लगदा होतो. अगदीच वाटलं तर कोरडी ग्राफाइट पूड, काडीच्या टोकावर मावेल तेवढी.

चाकांमधलं अंतर मोजल्याशिवाय नवी जोडी बसवूच नये, मग ती कितीही नावाजलेल्या बनावटीची असो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेकारांची एनएमआरए ही संघटना १९३५ सालची. तिचं चपटं धातूचं माप या कामाचं निम्मं शहाणपण आपल्यात घेऊन असतं. एचओचे रूळ १६.५ मिमी अंतरावर, आणि चाकांच्या पाठी एकमेकींपासून सुमारे १४.४ मिमीवर. हे अंतर कमी पडलं तर फ्रॉगपाशी दोन्ही चाकांच्या पाठी गार्ड रेल (चाकाला वाटेवर धरणारा जादा रूळ) आणि समोरच्या, फ्रॉगच्या पंखाच्या रुळाला आवळून बसतात आणि जोडी वर उचलली जाते. जास्त झालं तर गार्ड रेल चाकाला वेळेवर आत ओढू शकत नाही आणि पलीकडची कड फ्रॉगच्या टोकावर आदळते. दोन्ही वेळा वाघीण त्याच जागी उतरते, म्हणून न मोजता कारण ओळखता येत नाही. चाक आसावर दाबून बसवलेलं असतं. ते सरकवायचं तर दोन्ही चाकं चिमटीत धरून पिळत पिळत ओढावं किंवा दाबावं. चिमट्याचं टोक मध्ये घालून उचकटलं तर चाक तिरकं होतं, डोलत फिरतं, आणि ते डोलणं नंतर काही केल्या जात नाही.

एका चाकाला आसापासून वेगळं ठेवणारी प्लास्टिकची बारीक चकती असते. डेलरीनच्या चौकटीत ती कोणत्या बाजूला आहे याने काही बिघडत नाही. चौकट धातूची असेल तर मात्र एका ट्रकमधल्या दोन्ही चकत्या एकाच बाजूला हव्यात. एक जोडी उलटी गेली की चौकटीतूनच दोन्ही रूळ जोडले जातात आणि सगळ्या मांडणीची वीज जाते.

मोकळी चाकं आपल्याबरोबर एक दुखणंही आणतात. प्लास्टिकच्या काळात बाजूच्या रुळावर उभी केलेली वाघीण तिथेच राहायची, कारण तिची चाकं मुळातच जड होती. आता तीच वाघीण डोळ्याला न दिसणाऱ्या उतारावरून हळूहळू निघते आणि मुख्य रुळावर येऊन थांबते. रात्री दिवा घालवताना जागेवर असलेली वाघीण सकाळी हातभर पुढे दिसावी, असं होतं. त्यावर दोन स्लीपरांच्या मधून ब्रशचा एक केस उभा लावतात. त्याचं टोक आसाला जेमतेम लागतं आणि वाघीण उभी राहते, इंजिनाने ओढली की निघते. पोलादी आस असतील तर कपलर सोडवण्यासाठी रुळाखाली बसवलेल्या चुंबकावर आणखी गंमत होते. चुंबक आसालाच खेचतो, वाघीण पुढे झेपावते, कपलरांमधला ताण सुटतो आणि नको तिथे गाडी तुटते. म्हणून त्या कामाला अचुंबकीय आसांच्या जोड्या हव्यात.

वजनाचं फार लांबवत नाही. एनएमआरएची शिफारस अशी, की एचओ वाघिणीचं वजन मुळात १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. साडेसात इंची हॉपरला पावणेपाच औंस, म्हणजे १३५ ग्रॅम. खरा १०० टनी हॉपर भरून २,६३,००० पौंडांपर्यंत जातो; त्याला ८७.१ च्या घनाने भागलं तर १८० ग्रॅम येतात, आणि रिकामा धरला तर चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे शिफारशीप्रमाणे वजन केलेली वाघीण सदा अर्धवट भरलेली धावते. धातूची चाकं यातले काही ग्रॅम अगदी तळाशी देतात, आणि वजन जितकं खाली तितकं बरं.

राहता राहिला स्क्रू.

जुना ट्रक ज्या भोकात धरला होता तिथले आटे बहुधा गेलेले असतात, कारण कारखान्याचा जाड आट्यांचा स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच वाट काढत शिरलेला असतो, आणि प्रत्येक वेळी काढला-घातला की नवी वाट काढतो. स्क्रू गोल गोल फिरत राहिला आणि आवळला गेला नाही, तर त्यात कापूस किंवा गोंद भरून भागवू नये. भोक ३.२ मिमीपर्यंत मोठं करायचं, हाताच्या ड्रिलने, सावकाश, ओळंब्यात. त्यात त्याच जाडीची स्टायरीनची कांडी सॉल्व्हंट सिमेंट लावून बसवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सिमेंट वरून वाळलेलं दिसतं तेव्हा आत अजून मऊ असतं. घाईत ड्रिल घातलं की कांडीचा लगदा बिटला गुंडाळून बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी कांडी बुडाशी सपाट कापायची, मध्य शोधायचा. दोन्ही बाजूंच्या कडांपासून वर्नियरने खुणा करून, त्या जिथे छेदतात तिथे सुईने टोचायचं, म्हणजे बिट घसरत नाही. २-५६ मापाच्या स्क्रूला १.८ मिमीचं भोक. मग आटे पाडायचा टॅप सरळ उभा धरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अर्धा पुढे, पाव मागे. प्लास्टिकचा पांढरा किस आट्यांमधून वर येतो. तो मधूनमधून झाडला नाही तर टॅप आत आवळतो आणि कांडीसकट फिरतो. नीट पाडलेल्या आट्यांत स्क्रू बोटांनी जातो आणि शेवटच्या दीड फेऱ्यालाच स्क्रूड्रायव्हर लागतो.

आणि इथेच, इतकं सगळं नेटकं झाल्यावर, हात चुकतो. स्क्रू म्हटला की तो घट्ट करायचा, ही हाताची सवय आहे. टेबल असो, खुर्ची असो, दाराचा कब्जा असो, ढिला स्क्रू म्हणजे अर्धवट काम. नव्या आट्यांत स्क्रू छान बसतोय हे जाणवलं की बोटं आपोआप आणखी अर्धा फेरा देतात.

खऱ्या वाघिणीच्या ट्रकला स्क्रूच नसतो. अमेरिकन मालवाहू ट्रक तीन तुकड्यांचा: दोन ओतीव बाजूपट्ट्या आणि एक बोल्स्टर. बोल्स्टर दोन्ही टोकांना स्प्रिंगांवर टेकलेला असतो, आणि या तिघांना एकत्र ठेवणारी मुख्य गोष्ट वरचं वजन. वाघीण बोल्स्टरच्या मधल्या ताटलीवर नुसती बसलेली असते. मधोमध एक जाड खीळ असते, पण ती आवळलेली नसते, फक्त वरून घातलेली असते. क्रेनने वाघीण उचलली की ट्रक रुळावरच राहतात आणि वाघीण त्यांच्यातून सुटून वर येते. ताटलीच्या दोन्ही अंगांना, वाघिणीने कलू नये म्हणून, टेकू असतात, आणि जुन्या साध्या प्रकारच्या टेकूंमध्येही साधारण पाव इंचाची फट मुद्दाम ठेवतात. म्हणजे एकशेवीस टनांचं धूड ज्या रुळांवर जातं तिथे त्याला कलायला, डुलायला, एक बाजूपट्टी वर आणि दुसरी खाली जायला जागा मोजून दिलेली असते. ती फट एचओच्या मापात येते ०.०७ मिमी.

मॉडेलला स्क्रू लागतो तो आपण वाघीण हाताने उचलतो म्हणून. उचलल्यावर ट्रक खाली पडू नये, एवढंच त्याचं काम. रुळावर उभ्या असलेल्या वाघिणीला स्क्रूची गरजच नाही.

अकराव्या वाघिणीचे दोन्ही स्क्रू पूर्ण आवळलेले होते. ट्रक डावी-उजवीकडे वळत होते, थोडे जड पण वळत होते, म्हणून शंका आली नाही. वाघीण मात्र चार पायांच्या ताठ टेबलासारखी झाली होती. त्या सांध्यावर एक रूळ जरासा खचलेला आहे, एका आरशाचा तुकडा रुळांवर आडवा ठेवला की डुगडुगतो. कड रुळाच्या माथ्यापासून खाली उतरते ती फक्त ०.६४ मिमी, नखाच्या जाडीहून थोडी जास्त. ताठ वाघिणीचं एक चाक त्या खळग्यावर अधांतरी आलं की त्यातला मोठा भाग तिथेच संपतो. तरी ओढताना निभावून जायचं. ढकलताना मात्र ०.४४ मिमीने उंच झालेला कपलर शेजारणीच्या कपलरला वरच्या अंगाने भिडायचा, रेटा सरळ न जाता किंचित वरच्या दिशेने लागायचा, आणि आधीच हलकं झालेलं चाक उरलेलं अंतर चढून जायचं. दोन दोषांपैकी एकटा कुठलाच तिला पाडायला पुरेसा नव्हता.

बोल्स्टर काचेवर घासून उंची उतरवली. उंचीमापाशी कपलर एका रेषेत आला. मग एका टोकाचा स्क्रू असा ठेवला, की ट्रक वळतो पण बाजूला डुलत नाही. दुसऱ्या टोकाचा स्क्रू टेकेपर्यंत आत नेऊन पाव फेरा मागे घेतला. इंचाला ५६ आटे, तेव्हा पाव फेरा म्हणजे ०.११ मिमी; चाकापर्यंत पोचेतो ते डुलणं दुप्पट-तिप्पट होतं. आता वाघिणीला तीन पाय: ताठ ट्रकची दोन अंगं आणि मोकळ्या ट्रकचा मध्य. तिपाई कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही. असा पाव फेरा सुटा ठेवलेला स्क्रू चालता चालता आपोआप फिरू नये म्हणून त्याच्या डोक्याशी कॅनोपी ग्लू या गोंदाचा एक थेंब लावला, हवा तेव्हा पात्याने सुटेल असा.

वाघीण पुन्हा अकरावी लावली आणि सगळी गाडी मागे ढकलली. तिच्याआधी गेलेल्यांचा ठेका ओळखीचा. मग खचलेल्या रुळापाशी हॉपरचा मागचा ट्रक एका अंगाने खाली गेला, अगदी केसभर, वरची वाघीण सरळच राहिली, आणि चारही चाकं सांध्यावरून दोन-दोन टोले देत पलीकडे गेली. काढलेले जुने ट्रक चिमुकल्या डबीत आहेत, वर वाघिणीचा क्रमांक लिहिलेला. त्यांच्या बाजूपट्ट्या चांगल्या आहेत, एखाद्या ५० टनी डब्याखाली ३३ इंची धातूच्या चाकांवर बसतील. तेराव्या वाघिणीचे स्क्रू अजून तपासायचे आहेत.